पालीचं बीळ

गावाची भूकंपाची पाल रेवतीच्या घरी, वाळू भरलेल्या काचपेटीत होती. जमिनीतला हादरा माणसांच्या आधी ओळखून बिळातून वर यायचं, एवढ्यासाठीच ती घडवलेली. पण दोनदा ती उगीचच वर आली आणि गावात भोंगा वाजला. दुसऱ्या वेळी निम्मं गाव घराबाहेरही पडलं नाही. तिसऱ्यांदा कुणीच हलणार नाही, या धास्तीने रेवतीची झोप उडाली.

बिळातली कोरडी वाळू ढासळत असणार, असं तिला वाटलं. म्हणून तिने वाळूत चिकणमाती मिसळली, मुठीत लाडू वळेल इतकंच पाणी शिंपडलं आणि आडोशाला काचेला टेकून करवंटी पालथी घातली. बीळ पक्कं झालं.

तेवढ्यात भिंतीवरची साधी पाल चुकचुकली.

"कृष्ण, कृष्ण," म्हणत सासूबाईंनी काचपेटीच्या टेबलावर बोटं आपटली. बिळातली पाल तडक वर आली.

"आत्याबाई, म्हणजे हे तुमचं टकटक होतं! तिला तो हादराच वाटतो!"

"अगं बाई! दोन्ही वेळा मीच?" सासूबाईंनी हात पदरात लपवले.

रेवतीने घाईघाईने बटण दाबून भोंगा वाजायच्या आत बंद केला आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

पाल मात्र बिळात परत जाईना. सासूबाईंचे हात पदरातच होते. तरी करवंटी काचेवर वाजू लागली, वाजतच राहिली.