जिवंत पुरावा

महाडच्या हॉलात विक्रीच्या मीटिंगमध्ये दीपेश अमिनो ॲसिडच्या पावडरीचा डबा आरतीच्या ताटासारखा ओवाळत होता. "हृदयाच्या नसा मोकळ्या, छातीतलं दुखणं गायब!"

"याला शास्त्रीय पुरावा काय?" एका शिक्षिकेने विचारलं.

"पुरावा? हा काय, समोर बसलाय!" दीपेशने कुडपणहून आणलेल्या आपल्या चांगूमामाला उभं केलं. "मामा, सांगा."

"गवताचा भारा घेऊन चढण चढताना माझी छाती आवळून यायची. ही पावडर चालू केली, तवापासून एकदा पन दुखलं नाय."

टाळ्या पडल्या.

शेजारी बसलेली मामाची बायको ठमामामी मात्र बोललीच. "दुखंल कशानं? पावडर घेताना जड काम करायचं नाय, असं तूच बजावलंस ना रे? ह्यांनी भारा सोडला, तो माझ्या डोक्यावर आला. आता चढणीला माझी छाती आवळते."

दीपेशने पिशवीतून दुसरा डबा काढून मामीच्या हातात ठेवला.

"मग मामी, तू पण आजपासून चालू कर. भारा तेवढा सोड. पुढच्या मीटिंगला आपल्याकडे दोन पुरावे!"