मार्चचा हप्ता जूनमध्ये

“चारही हप्ते आजच भरून टाका, वकीलसाब,” पंडित हरिवल्लभ नागर म्हणाले आणि त्यांनी चेकबुक टेबलावर ठेवलं.

हुकुमचंद पोरवालांच्या हातातला पोह्यांचा चमचा थांबला. उज्जैनमध्ये लोकांच्या आयकराची कामं करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. नोकरदाराचा कर पगारातून परस्पर कापला जातो. बाकीच्यांनी वर्षभरात आपण किती कमावणार याचा अंदाज बांधायचा आणि जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च अशा चार हप्त्यांत कर आगाऊ भरायचा. पंधरा तारखेच्या संध्याकाळआधी हप्ता भरणारा माणूस पोरवालांनी आजवर पाहिला नव्हता. आज जूनची दोन तारीख होती आणि पंडितजी मार्चचे पैसे देत होते.

“एवढी घाई कसली?”

“एकदाचं मोकळं झालेलं बरं.” पंडितजींनी मान वर केली नाही. “तुमची फी सांगा. मागची राहिलेलीसुद्धा.”

पोरवालांनी आकडा सांगितला. पंडितजींनी तो मुकाट्याने चेकवर लिहिला. इथे मात्र पोरवालांनी चमचा बशीत ठेवून दिला. तीस वर्षांत पंडितजींनी फी कधी घासाघीस केल्याशिवाय दिली नव्हती.

“आणि माझ्या जुन्या फायली द्या. आयकराच्या वेबसाइटचा माझा पासवर्डही कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. दुसऱ्या कुणाला वाचता आला पाहिजे.”

पंडितजी जिना उतरून गेले. पोहे तसेच राहिले.

बाकीच्या अशिलांचे अंदाज चुकायचे आणि सरकार त्यांच्याकडून व्याज वसूल करायचं. पंडितजींनी आयुष्यात एक रुपया व्याज भरलं नव्हतं. ते पत्रिका बघून सांगायचे, यंदा इतके मिळणार, आणि तितकेच मिळायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी अंदाज अचानक चाळीस हजारांनी उतरवला होता. पोरवाल तेव्हा हसले होते. भादव्यात झालानी शेठ गेले. शेठ दरसाल दिवाळीला पंडितजींना चाळीस हजार द्यायचे.

त्यानंतर पोरवाल हसले नव्हते.

“पंडितजी चालले,” त्यांनी घरी येऊन बायकोला सांगितलं.

“कुठे?” शकुंतलाबाई शेव मोजून डब्यात भरत होत्या.

“वर.”

“काहीतरीच तुमचं! सकाळी देवळात भेटले. चार जलेब्या खाल्ल्या माझ्यासमोर.”

“सप्टेंबरचा हप्ता त्यांनी जूनमध्ये भरलाय, शकुंतला. जलेबीचं काय घेऊन बसलीस!”

दुसऱ्याच दिवशी पंडितजी स्वतः घरी आले. पोरवालांच्या मुलीचं, रुचिराचं, लग्न कार्तिकात ठरलं होतं. मुहूर्त पंडितजींनीच काढला होता.

“बदलू या,” ते म्हणाले. “कार्तिकात नको. सत्तावीस जून चांगला आहे.”

“पंडितजी, हॉल ठरलाय, पत्रिका छापायला गेल्यात!” शकुंतलाबाई ओरडल्या.

“हॉल मी बघतो, भाभी. सगळे असताना होऊन जाऊ दे.”

पोरवालांना हुंदका आवरेना. ते उठून आत गेले आणि नळ सोडून रडले. मग बाहेर येऊन म्हणाले, “सत्तावीसलाच करू.” पंडितजींनी त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

पण पोरवाल हातावर हात ठेवून बसणारे नव्हते. पाच तारखेला त्यांनी पंडितजींना जवळजवळ ओढतच हृदयाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, पाहिली आणि ते हसले.

“पंडितजी, तुमचं हृदय पंचविशीतलं आहे.”

“वकीलसाब, आलोच आहोत तर तुम्हीही झोपा टेबलावर,” पंडितजी म्हणाले.

“मला कुठला वेळ? पंधरा तारीख डोक्यावर आहे!”

“दहा मिनिटं लागतात हो.”

“सोळाला बघू.”

“आजच काढा. माझं ऐका.”

“स्वतःचं बघा की आधी!” पोरवाल खेकसले आणि लगेच त्यांना वाईट वाटलं. जाणाऱ्या माणसावर खेकसायचं नसतं.

डॉक्टरांच्या हसण्याने त्यांची भीती दुप्पट झाली. हृदय नाही, म्हणजे अपघात! त्यांनी पंडितजींच्या स्कूटरची किल्ली काढून घेतली. रोज सकाळी ते स्वतः त्यांना देवळात सोडू लागले आणि दुपारी घरी पोचवू लागले. पंडितजींचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. पोथ्यांची जड पिशवी पोरवाल डाव्या खांद्यावर घेऊन चढायचे. आठवड्याभरात खांदा दुखायला लागला.

“अहो, तुम्ही नका उचलू!” पंडितजी जिन्यात कळवळून म्हणायचे.

“गप्प चढा. कठडा धरा.”

वर पोचल्यावर दोघे एकमेकांकडे बघायचे आणि दोघांचेही डोळे भरून यायचे.

पंधरा तारखेला दुपारी ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटच्या दिवशीचे सगळे अशील जिन्यापर्यंत उभे होते. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडच्या गल्लीतले करसल्लागार खंडेलवाल बोलत होते.

“पोरवालजी, दुकान बंद करताय की काय? नागर पंडितजी सकाळी सगळ्या फायली माझ्याकडे ठेवून गेले. म्हणाले, भादव्यापासून तुम्ही बघा.”

“भादव्यापासून?” पोरवाल खुर्चीतून उठलेच. “स्वतः बोलले? भादव्यापासून?”

“स्वतः. पुढच्या वर्षाचा पहिला हप्ता कधी, तेही विचारून गेले.”

पुढच्या वर्षी! पंडितजी पुढच्या वर्षी हप्ता भरणार होते! पोरवालांनी डावा खांदा चोळत सगळ्या अशिलांसमोर मोठ्याने हसून घेतलं. अशील गेला तर गेला. माणूस राहणार होता.

“खंडेलवाल, तुमच्या तोंडात पेढा! न्या, खुशाल न्या त्यांना!”

“नाही, मला जरा संकोच वाटला हो. मी विचारलंसुद्धा, तीस वर्षांच्या ओळखीचा माणूस कशाला बदलताय? तर डोळे पुसत म्हणाले, बदलतोय कुठे? ते आहेत तोवर त्यांच्याकडेच.”