सिनेमातली आई

पडद्यावरच्या कैद्याच्या शर्टाची इस्त्री तीन पाठलागांनंतरही मोडली नव्हती. लष्कराने पळवलेला तो मुलगा शेवटी आईच्या दारात सुखरूप उभा राहिला, आणि तुकुमान शहरातलं ते थिएटर टाळ्यांनी दणाणलं. फक्त माझ्या शेजारी बसलेल्या नेलिदाबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांच्या मुलालाही लष्करी राजवटीत लष्करानेच नेलं होतं; तो परत आला नव्हता.

"कसा वाटला?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"मारामारी झकास. ती आई मात्र बावळट. एवढी वर्षं दाराला कडी लावत नाही, म्हणे पोरगं येईल."

नेलिदाबाईही लावत नाहीत. मी काम करते त्या प्रयोगशाळेत लष्कराने पुरलेल्या माणसांचे उकरून काढलेले सापळे बेवारस पडून आहेत. ओळख पटवायला आईचं रक्त लागतं. मी मागितलं की त्या विषय बदलायच्या.

"पोरी," त्या म्हणाल्या, "उद्या सुई घेऊन ये. रक्त देते."