देव थोडेच बोलवा

पोराच्या लग्नाचा गोंधळ मांडला होता. संबळ कमरेला बांधून सटवाजी गोंधळी उभा राहिला, तेवढ्यात घरधनी हणमंतराव जवळ आले आणि हळूच म्हणाले, "बुवा, औंदा देव थोडेच बोलवा."

सटवाजीला ते लागलं. माहूरच्या डोंगरातल्या एकूणएक देवाला त्याच्या ठिकाणाचं नाव घेऊन हाक मारायची, ही त्याच्या बापाची शिकवण. पण ज्या देवाला हाक जाईल त्याचे पाय धुवायला म्हणून घरधन्यानं धान्याच्या मांडलेल्या चौकापुढं ओंजळभर पाणी सोडायचं, हीही रीतच. आणि घरात पाणी म्हणाल तर हणमंतरावांच्या हातातला तेवढा तांब्या. टँकर कधी येईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यानं माहूरच्या रेणुकेला बोलावलं, गावच्या मरीआईला बोलावलं आणि संबळावरचे हात थांबवले.

"अजून एक नाव घ्या," घरधनीण केवळाबाई खांबाआडून म्हणाल्या. "आमच्या मथुराचं."

मथुरा त्यांची थोरली लेक. गेल्या उन्हाळ्यात झऱ्याचं पाणी घेऊन डोंगर चढताना कड्यावरून पडून गेली होती.

संबळ पुन्हा वाजू लागला. सटवाजीनं हाक घातली. "झऱ्याच्या वाटेवरच्या मथुरे, गोंधळाला ये."

हणमंतरावांनी तांब्या कलता केला. केवळाबाईंनी त्यांचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या. ती घागर भरूनच येती."