दुसरं नाक

कांगड्याच्या बाजारात दुकानं उघडत होती. वैद्य देवीदित्ता ओसरीवर वस्तऱ्याला धार लावत होते. मेणाच्या साच्याबरहुकूम कपाळाची कातडी कापायची आणि ती खाली वळवून नवं नाक घडवायचं, हा त्यांच्या घराण्याचा पिढीजात व्यवसाय.

इतक्यात फिन्नू आपल्या बायकोला, संसारोला, घेऊन आला. तिने ओढणी बाजूला केली. देवीदित्तांनीच घडवलेलं नाक पुन्हा कापलेलं होतं.

“पुन्हा राग आवरला नाही, वैद्यजी,” फिन्नू ओशाळं हसला. “हिला म्हटलं, रडतेस कशाला? आपले वैद्यजी आहेत ना!”

आतून वैद्यांची बायको कडाडली, “मेल्या, नाक म्हणजे काय मडकं आहे, फुटलं की नवं?”

देवीदित्तांची मान खाली गेली. आपल्याच कसबामुळे या माणसाचा हात सोकावला, हे त्यांना कळलं.

“कपाळाची कातडी मागेच संपली, आता गालाची घ्यावी लागेल. हिला इथेच राहू दे, तू महिन्याने ये,” ते म्हणाले. फिन्नू गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “पोरी, भाऊ कुठे असतो तुझा?”

“चंब्याला.”

 

महिन्याने “जखम चिघळली, वाचली नाही,” म्हणत त्यांनी संसारोच्या बांगड्या फिन्नूच्या हाती ठेवल्या, तेव्हा नवं नाक घेऊन ती चंब्याला पोचली होती.