यंत्रमानवाच्या आतला माणूस

टोकियोतल्या त्या सभागृहात पन्नास वर्षांपूर्वीच्या एका टीव्ही मालिकेचे चाहते जमले होते. मालिकेतल्या महाकाय यंत्रमानवाचा पोशाख घालून काम करणारे इवासे पत्नीसोबत मागच्या रांगेत बसले होते. पडद्यावर त्यांचा चेहरा कधी दिसला नव्हता आणि श्रेयनामावलीत नावही नव्हतं. त्यामुळे त्यांना कोणी ओळखलं नाही.

मंचावर मिनेकोबाई बोलत होत्या. त्यांनी त्या मालिकेत काम केलं तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या.

"एकदा सेटला खरोखरच आग लागली. सगळे बाहेर पळाले, मी आत अडकले. तेवढ्यात यंत्रमानव परत आला. त्यानं मला छातीशी धरलं आणि आतून आवाज आला, 'डोळे मिट बाळा, घाबरू नकोस.' दुसऱ्या दिवसापासून त्या पोशाखात वेगळाच माणूस होता. पहिल्याचं काय झालं, हे मला कोणीच सांगितलं नाही."

इवासेंनी भाजल्याचे व्रण असलेले हात कोटाच्या बाह्यांत ओढून घेतले. पत्नीनं ते पाहिलं आणि ती उठून उभी राहिली.

"हे इथे बसलेत," ती म्हणाली.

मिनेकोबाई खाली उतरून आल्या. त्यांनी ते दोन्ही हात हातात घेतले.

"मला वाटलं, तुम्ही त्या आगीत गेलात," त्या म्हणाल्या. "दर वर्षी त्या तारखेला मी तुमच्यासाठी देवळात उदबत्ती लावते."

इवासे संकोचून हसले. "म्हणूनच इतकी वर्षं जगलो असेन मी," ते म्हणाले.