वाऱ्याला शाल

"पिंजरा टपावर टाका, मावशी," जीपचा ड्रायव्हर कृष्णात म्हणाला. "हितं माणसास्नीच जागा न्हाय."

बाळाबाईंनी त्याच्याकडं बघितलंही नाही. कडेवरच्या लेकरासारखा पिंजरा धरून त्या माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये मागून चढल्या, बाकावर बसल्या, पिंजरा मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, "हं. सोड आता गाडी."

जानेवारीतली सकाळ. मलकापुरात अजून धुकं होतं. पिंजऱ्यात राखी रंगाचा, डोक्यावर तुरा असलेला पोपट दांडी सोडून तळाशी बसला होता. पिसं फुलवून त्याचा नुसता गोळा झाला होता, डोळे अर्धे मिटलेले. दोन दिवसांपूर्वी बाळाबाई जोतिबाला मुक्कामाला गेल्या होत्या आणि घरच्यांनी पिंजरा रात्रभर उघड्या सोप्यात, ओसरीवरच राहू दिला होता. आदल्या संध्याकाळी परत आल्यावर त्यांना तो असा दिसला. पहाटे पाणी तापवून त्यांनी शेकायची रबरी पिशवी भरली आणि कोल्हापूरच्या पक्ष्यांच्या डॉक्टरणीकडे निघाल्या.

समोरच्या बाकावर यज्ञेश्वर बसले होते. ते कॉलेजात शिकवायचे. साडेआठला कोल्हापुरात त्यांची बैठक होती. जीपच्या बाजूची ताडपत्री फाटून गेली होती. गाडीनं वेग घेतला तसा वारा थेट पिंजऱ्यावर आला. पोपटाचा गोळा आणखी लहान झाला.

"पावणं, वाईच हिकडं सरका. तुमच्या अंगानं वारं आडंल."

"मलाच सर्दी झालीय, आजी," यज्ञेश्वर म्हणाले. "तुमची शाल टाका ना पिंजऱ्यावर."

"सगळा पिंजरा झाकला तर तेचा दम कोंडंल. झाकायचं ते वारं."

बाळाबाईंनी अंगावरची शाल काढली. एक टोक जीपच्या लोखंडी दांडीला गाठ मारून बांधलं आणि दुसरं यज्ञेश्वरांच्या हातात दिलं. "धरा. ढिलं सोडू नका."

धरता का, असं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी धरलं. शाल शिडासारखी फुगली आणि आतला वारा एकदम थांबला.

"मावशी, फुडं येऊन बसा," कृष्णात पुढून ओरडला. "इंजनाची ऊब हाय."

"इंजनाचा धूर बी हाय. तेला सोसत न्हाय. तू फुडं बघून चालव."

बाळाबाईंनी पिशवी पिंजऱ्याच्या एका बाजूला टेकवून ठेवली होती. दुसरी बाजू मोकळी. मधून मधून त्या पिशवीला मनगट लावून बघायच्या. त्यांचे हात गारठून काळपट पडले होते. यज्ञेश्वरांनी एका हातानं गळ्यातला मफलर सोडला आणि त्यांच्यापुढं केला.

"मला नगं," त्या म्हणाल्या आणि मफलर पिशवीभोवती गुंडाळला. "असं केलं की ऊब टिकती."

"दोन्ही बाजूंनी नको का शेकायला?"

"आन् तेला जास्त झालं तर? तेनं सरकायचं कुठं? उन्हाळ्यात बी मी भिजलेलं पोतं एकाच अंगाला लावतो. एक बाजू तेची तेला ठेवायची. तेला कळतंय की."

बांबवड्यात चहाच्या गाड्यापाशी बाळाबाईंनी जीप थांबवायला लावली. पिशवी निवली होती. यज्ञेश्वरांनी घड्याळ बघितलं. "आजी, मला साडेआठला पोचायचंय."

"पोचशीला. हे आधी पोचलं पायजे."

चहावाल्यानं किटलीतलं पाणी ओतलं. बाळाबाईंनी पिशवी आधी स्वतःच्या गालाला लावली, मग थोडं गार पाणी मिसळायला लावलं. गाडी पुन्हा निघाली. यज्ञेश्वरांचा हात भरून आला होता. त्यांनी हात बदलला, शाल सोडली नाही. आता त्यांचं सगळं लक्ष पिंजऱ्यात होतं. पोपटाच्या पाठीवरची पिसं वर-खाली होत होती. मध्येच ती थांबल्यासारखी वाटायची, आणि तेवढा वेळ यज्ञेश्वर स्वतःचाही श्वास धरून बसायचे.

वाघबीळच्या पुढं ऊन आलं. पोपटानं डोळे पूर्ण उघडले. तो एक पाऊल पिशवीपासून दूर सरकला, उभा राहिला आणि त्यानं अंग झाडलं.

"सरकला," यज्ञेश्वर हळूच म्हणाले.

बाळाबाईंनी त्याला बाहेर काढलं, पाय चाचपले. "पाय ऊन झाल्यात. वाईच ठेवू द्या, मी खालचा कागद बघतो." त्यांनी पोपट यज्ञेश्वरांच्या गुडघ्यावर ठेवला आणि त्याच्या पाठीवर एक तळवा धरला. यज्ञेश्वर हललेसुद्धा नाहीत. गुडघ्यावर त्या जिवाचं वजन जाणवतही नव्हतं.

पोपटानं शेपटी उचलली आणि त्यांच्या पँटीवर घाण केली.

यज्ञेश्वरांनी रुमालासाठी खिशात हात घातला.

"पुसू नका!" बाळाबाई वाकल्या. डोळे बारीक करून त्यांनी तो हिरवा-पांढरा ठिपका अगदी जवळून बघितला. "काल रात्री नवा कागद घातला, तवापासनं काय पडलं नव्हतं. अजून कोराच हाय. आता पोट सुरू झालं." त्यांनी पोपटाला परत पिंजऱ्यात ठेवलं. "आता जगतंय. पर ते ऱ्हाऊ दे तसंच. डाक्टरणीला दावायचं हाय."

पुढं कृष्णात हसला. यज्ञेश्वर हसले नाहीत. त्यांनी रुमाल परत खिशात ठेवला.

पंचगंगेचा पूल ओलांडून जीप दवाखान्याच्या वळणावर थांबली. बाळाबाई पिंजरा घेऊन उतरल्या आणि चालू लागल्या. मागं वळून त्यांनी बघितलं नाही.

"सर, तुमचा स्टॉप फुडं हाय की," कृष्णात म्हणाला.

यज्ञेश्वरांनी दांडीची गाठ सोडली आणि शाल खांद्यावर टाकली. मग गुडघ्यावरचं कापड दोन बोटांच्या चिमटीत, ठिपक्याला धक्का लागणार नाही असं धरून ते जपून खाली उतरले आणि बाळाबाईंच्या मागून दवाखान्याकडं निघाले.